मऊ की घट्ट

घरात तिला सगळे मधली म्हणत. थोरली आणि धाकटी यांच्या मधली. दोघींचं वाजलं की निरोप पोचवायला हिलाच धाडायचे. डॉक्टरेटला गेल्यावर तरी हा त्रास संपेल असं तिला वाटलं होतं. तिथेही नशिबाने दोन गाईड दिले, तेही दोन देशांत.

दोन विद्यापीठांची मिळून एक पदवी, विषय जैवअभियांत्रिकी. सहा महिने इथे, सहा महिने तिकडे. काम होतं गुडघ्यातल्या झिजलेल्या कूर्चेच्या जागी बसवता येईल असं जेल तयार करायचं आणि त्यात जिवंत पेशी वाढवायच्या. ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारत. आईने तर शेजारणीला सांगूनही टाकलं होतं, "थांबा जरा, आमची मधली गुडघे करतेय."

पण गुडघा पुढे सरकेल तर ना! इथले सर म्हणत, "जेल घट्ट कर. माणसाचं वजन पेलायचंय त्याला." ती महिनोन् महिने खपून घट्ट करायची, बॅग भरायची, तिकडे जायची. तिकडच्या मॅडम नमुना बोटाने दाबून बघत आणि तोंड वाकडं करत. "हा काय दगड आहे? पेशी गुदमरतील. मऊ कर." मऊ केलेलं घेऊन परत आली की सर कपाळाला हात लावत. "हे तर डुगडुगतंय! मॅडमना सांग, असं चालणार नाही."

"सर, तुम्हीच एकदा बोलता का त्यांच्याशी?"

"तू सांग ना. तुझं ऐकतात त्या."

मॅडमही शब्द न् शब्द हेच म्हणत. मध्येच केव्हातरी तिकडच्या, पेशी उबेत वाढवायच्या इन्क्युबेटरमध्ये बुरशी शिरली आणि वाढवलेल्या सगळ्या पेशी गेल्या. त्या दिवशी नवऱ्याने फोनवर "जेवलीस का?" एवढंच विचारलं, तर ती त्याच्यावरच खेकसली. मग रडली. मग जेवली.

शेवटी वार्षिक आढाव्यासाठी मॅडम स्वतः इथे आल्या. मधलीने मनाशी ठरवलं, आज सोक्षमोक्ष. दोन बशांत दोन नमुने मांडले आणि दोघांना समोरासमोर बसवलं. आता चांगली जुंपणार, या आशेने ती भिंतीला टेकून उभी राहिली.

सर म्हणाले, "मॅडम, मऊपणाबद्दल तुमचं म्हणणं अगदी योग्य आहे."

मॅडम म्हणाल्या, "छे छे, मजबुती तर हवीच. तुमचा मुद्दा मला पहिल्यापासून पटलाय."

चहा आला. दोघांनी एकमेकांना बिस्किटांचा आग्रह केला. मग दोघांनी एकदमच तिच्याकडे वळून पाहिलं.

"अगं, मग तुझा गोंधळ नेमका कुठे होतोय?" सरांनी विचारलं.

मधलीच्या डोक्यात तिडीक गेली. "गोंधळ? माझा?" तिने दोन्ही बशा पुढे सरकवल्या. "सर, मॅडम, तुम्ही दोघं समोर आहात. आत्ता सांगा, मऊ की घट्ट? एकच शब्द. त्याशिवाय मी इन्क्युबेटरचं दार उघडणार नाही."

सर बिस्किटाकडे बघत बसले. मॅडमनी चष्मा पुसायला घेतला. पुसता पुसता त्याच म्हणाल्या, "तुला काय वाटतं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी तिला पहिल्यांदाच विचारत होतं. ती म्हणाली, "खाली हाडाला लागून घट्ट, वर मऊ. एकावर एक दोन थर. मी हे दोघांनाही लिहिलं होतं."

"हेच तर मी म्हणत होतो!" सर म्हणाले.

"मी वेगळं काय सांगत होते?" मॅडम म्हणाल्या.

ती बाहेर व्हरांड्यात गेली आणि हुश्श करत पाठ टेकून उभी राहिली. हसावं की डोकं आपटावं, तिला कळेना.

दोन थरांचं काम मात्र जमलं. पेशी जगल्या, वजनही पेललं. तोंडी परीक्षेत दोन्ही गाईड अभिमानाने फुलून बसले होते. पदवी आली, तिच्यावर दोन विद्यापीठांचे दोन शिक्के, आणि आडनावातलं एक अक्षर गायब. तिने इथे फोन केला, तर उत्तर आलं, "दुरुस्ती तिकडून होते." तिकडे विचारलं, तर ते म्हणाले, "इथून नाही हो, तिकडून."

"मग कर की पुन्हा फोन," आई म्हणाली.

"मी?" मधली म्हणाली. "मी नाही आता कुणाचे निरोप पोचवणार." आणि चुकलेल्या आडनावासकट पदवी तिने भिंतीवर टांगून टाकली.