दुधी मी चाखला होता

रोझी मोरीत बसून ओकत होती, आणि ओकारीत रक्त होतं. मी तिची पाठ धरली होती. कशाने झालं ते त्या घरात एकट्या मला माहीत होतं — आणि मी बोलले नाही. आजवर कुणाशी बोलले नाही. फादरपुढे गुडघे टेकले तेव्हाही बाकीची पापं सांगितली, हे गिळलं.

रोझी माझी धाकटी जाऊ, मला बाय म्हणते. होळी गावात आमची भाजीची वाडी आहे. दुधी काढला की देठाकडची चकती कापून जिभेवर ठेवायची, कडू लागली तर दुधी फेकायचा, ही आमची रीत. ते काम लग्न होऊन आल्यापासून माझं. वेल सगळे सारखेच दिसतात. एखादाच विष धरतो.

आदल्या रविवारी माझ्या व्याह्यांसमोर रोझी म्हणाली होती, "बायची जीभ गेली आता. कालवणात मीठ दोनदा पडतं." सगळे हसले. मीही हसले. पण लागलं — एवढ्याशा गोष्टीचं काय लागावं? लागलं.

रक्तदाबासाठी ती सकाळी दुधीचा रस घ्यायची. त्या दिवशी कुंपणाजवळच्या वेलाचा दुधी मी काढला. चकती जिभेवर ठेवली. कडूजहर. थुंकले.

"चाखलास ना, बाय?"

"चाखला. गोड आहे."

वाटलं, एक घोट घेईल, तोंड वाकडं करील. एवढंच वाटलं होतं का? कडू दुधीने माणूस जातं हे मला लहानपणापासून ठाऊक — तिने औषध समजून नाक धरलं आणि पेला संपवला.

इस्पितळात मी म्हणाले, मला कळलंच नाही, जीभ गेली माझी. तिच्याच शब्दांनी सुटले.

ती घरी आल्यावर तिची नात खाटेशी बसून सांगत होती. पोरगी झाडांचं शिकते. झाडाला पळता येत नाही, म्हणून खाणाऱ्यासाठी ते विष करतं. पण विष करायलाही ताकद जाते, म्हणून सगळी झाडं सारखी कडू नसतात. कुणी म्हणतात, पाणी कमी पडून वाढ अडली की उरलेला जोर कडूपणात जातो. कुणी म्हणतात, किड्यांनी पानं कुरतडली की. कुणी म्हणतात, बियाणंच तसं. पक्कं एक उत्तर नाही, म्हणाली.

रोझीने त्यातलं पाणी तेवढं धरलं. कुंपणाकडच्या ओळीला पाणी सोडायचं काम तिचं. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "मीच तहानलेला ठेवला गं त्याला. वर तुझ्या जिभेला हसले. माफ कर, बाय."

मी तिला माफ केलं. ऐकलंत ना? मी — तिला.

अजून ती त्या ओळीला दोन्ही वेळा पाणी सोडते. गुडघे धरतात, मध्येच बसते, पुन्हा उठते. मी ओट्यावरून बघते. किती वेळा तोंड उघडलं, आणि चहा घेतेस का, एवढंच विचारलं.

दुधी कडू होता. मी गोड म्हणाले.

रोझी वाचली. शेजारच्या खोलीत राहते.