शुक्रवारी कोण मेलं

शत्रुघ्न घाडी एकोणीस वर्षं कुवेतमध्ये एसी दुरुस्त करतोय, आणि या एकोणीस वर्षांत त्याने घरी एकदाही सांगितलेलं नाही की तिथे उकडतं. कणकवलीजवळच्या गावात त्याची बायको द्वारका फोनवर विचारते, गरमी कितपत आहे. तो म्हणतो, आपलं कामच थंडीचं, आपल्याला कसली गरमी. पहिल्या उन्हाळ्यात हे उत्तर ऐकून ती हसली होती. आता ती हसत नाही आणि तो उत्तरही बदलत नाही, कारण नवीन शोधायला अंगात त्राण उरलेलं नसतं.

एसीची थंड हवा खाली घरात जाते आणि दुरुस्त करणारा माणूस वर गच्चीवर असतो, हे द्वारकाला कोण सांगणार? जून ते ऑगस्ट अकरा ते चार उन्हात काम करायला बंदी, म्हणून कंपनीची गाडी पहाटे साडेतीनला महबूल्यात त्याच्या इमारतीखाली हॉर्न वाजवते. म्हणजे उठायचं तीनला. शुक्रवारी सुट्टी, पण लोकांचे एसी नेमके शुक्रवारी बंद पडतात आणि पाळीपाळीने कोणाला तरी पळावं लागतं. शत्रुघ्न सेहेचाळीस वर्षांचा आहे. आरशात बघितलं तर पंचावन्नचा वाटतो, म्हणून तो दाढी न बघताच करतो.

खोलीत चौघे. प्रीतम जाब्रियातल्या एका इस्पितळाच्या कँटीनमध्ये आचारी. दापोलीचा तल्हा शाळेच्या बसवर ड्रायव्हर. अक्षय अल्युमिनियमच्या खिडक्या बसवतो, वय सव्वीस, आणि त्या वयाला शोभेल इतकं त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. शुक्रवारी दुपारी माशाची आमटी-भात झाला की हे चौघे चार गाद्यांवर पसरून एक मालिका बघत. मेलेली माणसं उठून चालू लागलेली आहेत, जिवंत आहेत ते पळताहेत. कुठल्याशा कॉमिकवरून काढलेली. दर शुक्रवारी नवा भाग.

भुतांपेक्षा बघणारे बघण्यासारखे. प्रीतमला मुडद्यांची काडीची भीती नव्हती. त्याची काळजी एकच, ही माणसं तीन वर्षं डबाबंद घेवडा खाऊन जगतात कशी आणि मीठ कुठून आणतात. तल्हाला मुडदे शिस्तीचे वाटत. निदान रांगेत चालतात, म्हणायचा, आमच्या शाळेची पोरं बघा एकदा. अक्षयने कॉमिकचे सगळे अंक मोबाइलवर वाचून काढले होते, त्यामुळे मालिकेत पान हललं तरी तो कुरकुरायचा की मूळ गोष्टीत असं नाहीच. पहाटे गाडीत बसलेले आपण असेच दिसतो, हा विनोदही तोच करायचा. पहिल्यांदा सगळे हसले, मग तिघे, मग कोणीच नाही. तरी तो दर शुक्रवारी करायचाच.

शत्रुघ्न मालिका बघायचा ती मुलीसाठी.

समिधा, त्याची एकुलती एक. तो कुवेतला आला तेव्हा ती सहा महिन्यांची होती. दोन वर्षांत एकदा चाळीस दिवसांची रजा, म्हणजे हिशेब मांडायलाच नको. लहानपणी ती फोनवर कविता म्हणून दाखवायची. मोठी झाली तसं बोलणं आटलं. अभ्यास कसा चाललाय, बरा, बरं आईला दे. दोन मिनिटं भरत नसत. दीड वर्षापूर्वी तो रजेवर गेला तेव्हा ती मोबाइलवर हीच मालिका बघत होती. तो सहज शेजारी टेकला. पडद्यावर विहिरीतून हात वर आला आणि समिधाने बापाचं मनगट घट्ट धरलं. भाग संपेपर्यंत सोडलं नाही. ते मनगट घेऊन शत्रुघ्न कुवेतला परतला, असं म्हटलं तर खोटं ठरणार नाही.

तेव्हापासून दर शुक्रवारी इथले चार वाजले की फोन. कोण मेलं, कोण वाचलं, कोणी कोणाला फसवलं. वीस वीस मिनिटं. मालिकेत एक गणिताचा मास्तर होता, शाळेतली उरलेली सात मुलं घेऊन गावोगाव फिरणारा. समिधाचा जीव त्याच्यावर. शत्रुघ्नचाही, कारण समिधाचा होता.

पण जून उजाडला. तीनला उठणारा माणूस शुक्रवारी भात जेवून आडवा झाला की सुरुवातीचं संगीत संपायच्या आत घोरायला लागायचा. पहिल्या वेळी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठल्यावर त्याने प्रीतमला विचारून घेतलं आणि मुलीला तेच सांगितलं. पुढच्या शुक्रवारी तल्हाला विचारलं. मग रीतच पडली. जून गेला, जुलै गेला, शत्रुघ्नने एक भाग बघितला नाही आणि एक फोन चुकवला नाही. बापाने लेकीशी खोटं बोलायचं तर ते मुडद्यांबद्दल तरी बोलावं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

ऑगस्टच्या दुसऱ्या शुक्रवारी त्याची पाळी आली. सालमियात एका घरचा एसी बंद. परतला तेव्हा पावणेचार वाजले होते. प्रीतम कामावर, तल्हा बाजारात. अक्षय एकटाच, नुकताच झोपून उठलेला. शत्रुघ्नने विचारलं, आज काय झालं. अक्षय म्हणाला, आज पुलाचा भाग. मास्तर मरतो. मुलं पलीकडे जावीत म्हणून पुलावर एकटा उभा राहतो आणि मुलांसमोर मुडदे त्याला खातात. शत्रुघ्नला खरंच वाईट वाटलं. त्याने तोंड धुतलं आणि फोन लावला.

"समिधा, मास्तर गेलो गो," तो म्हणाला.

"होय बाबा," ती म्हणाली. "माका खूप रडू इला."

मग दोघं मास्तरवर बोलत राहिले. मुलांचं आता कसं होणार, त्याने असं करायला नको होतं, पण दुसरं करणार तरी काय. फोन ठेवताना तिचा आवाज भरून आला होता, त्याचाही.

संध्याकाळी प्रीतम आला. चपला काढता काढता म्हणाला, बरं झालं, मास्तर वाचला बाबा, मला धाकधूक होती. कँटीनमध्ये सुट्टीच्या वेळात त्याने मोबाइलवर बघितलं होतं. पूल पडला, पण मास्तर मुलांसकट पलीकडे सुखरूप. अक्षय उसळून म्हणाला, शक्यच नाही, कॉमिकमध्ये पुलावरच मरतो. आणि मग कबूल केलं की आजचा भाग त्याने बघितलाच नव्हता. पुस्तक वाचलेल्या माणसाने बघायला कशाला हवं, असा त्याचा थाट.

शत्रुघ्न गादीवर बसून राहिला. आधी त्याला वाटलं, पकडलो गेलो. मग कळलं की पकडणारं कोणी नव्हतंच. मास्तर मेला नव्हता आणि समिधा त्याच्यासाठी रडली होती.

रत्नागिरीला नर्सिंगला होती ती. हॉस्टेलवर. पहाटे वॉर्डात ड्युटी, दुपारी वर्ग, संध्याकाळी पुन्हा वॉर्ड. द्वारका सांगायची, पोर घरी आली की जेवताना पेंगते. हे सगळं त्याला ठाऊक होतं, फक्त त्याने ते मालिकेशी जोडलं नव्हतं. आता मागचे शुक्रवार आठवले. ती नेहमी आधी त्याला बोलू द्यायची. मग "होय ना बाबा" म्हणून तेच जरा फिरवून सांगायची.

त्याला राग आला नाही. भीती वाटली. हे बोलून दाखवलं तर शुक्रवार गेला, आणि शुक्रवार गेला की पुन्हा दोन मिनिटं, अभ्यास कसा चाललाय, बरा. न बोलावं तर दोघांनी आयुष्यभर न बघितलेल्या मढ्यांवर गळे काढत बसावं. अख्खा आठवडा त्याला हेच पोखरत होतं. सोमवारी रुमैथियात गच्चीवरच्या युनिटला शिडी लावून उभा असताना डोळ्यांपुढे काळोख आला, शिडीला मिठी मारली म्हणून वाचला. खोलीत त्याने याचा चकार शब्द काढला नाही.

शुक्रवारी तो जेवला नाही, म्हणजे झोप येणार नाही. टीव्हीकडे पाठ करून बसला. चारला फोन लावला. समिधाने वाट बघितली, नेहमीसारखी, त्याने आधी बोलायची.

"समिधा, मास्तर मरूक नाय."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी बघूकच नाय गो. जूनपासून एकय भाग बघूक नाय. झोप लागता माका."

वॉर्डातली कसली तरी ट्रॉली खडखडत गेल्याचा आवाज आला. मग ती अगदी हळू म्हणाली, "मी पण, बाबा." आणि पाठोपाठ, "मगे आता आपण काय बोलूचा?"

याचंच त्याला भय होतं. त्याने खोलीभर नजर फिरवली. तिघे पडद्यावर डोळे लावून बसले होते. सांगण्यासारखं त्याच्याकडे काहीच नव्हतं, एकोणीस वर्षांचं होतं ते सगळं न सांगायचं ठरवलेलं.

"सोमवारी माका चक्कर इली," तो म्हणाला. "गच्चीर. शिडीर उभो होतंय."

बोलून झाल्यावर तोच घाबरला. म्हणाला, आईला सांगू नको, काही झालं नाही, त्या घरचा ड्रायव्हर यूसुफ धावत वर आला, त्याने सावलीत बसवलं, गार ताक पाजलं. इथे ऊन फार असतं, तो म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होतं आणि त्याचं त्यालाच परकं वाटलं.

"पडलास काय?" तिने विचारलं. लहानपणी ती त्याला असं अरेतुरे करायची. मधल्या वर्षांत कधीतरी अहो-जाहो सुरू झालं होतं.

"नाय."

"मगे?" समिधा म्हणाली. "फुडे सांग."