महिपतच्या हातून गेलेला लाल ट्रॅक्टर

मुरबाडहून शहापूरकडे निघालं की गावाबाहेर महिपत विशेची पत्र्याची शेड लागते. तिथं नेहमी एखादा म्हातारा ट्रॅक्टर सुटा होऊन पडलेला असतो. चाकं एकीकडे, बॉनेट दुसरीकडे आणि मधे इंजिनात हात घालून महिपत. लोकांनी भंगारात काढलेले ट्रॅक्टर विकत घ्यायचे, उभे करायचे आणि फार्महाउसवाल्यांना नाहीतर हौशी शेतकऱ्यांना विकायचे, हा त्याचा धंदा. पन्नाशीचा माणूस, बोलायला कमी. या पट्ट्यात हे काम करणारा आपल्याशिवाय कोणी नाही, याचा त्याला अभिमान होता.

तानसा धरणाच्या बाजूला गिरजाकाकूंच्या खळ्यात, करंजाखाली, एक लाल इंटरनॅशनल ट्रॅक्टर उभा होता. काकूंचे यजमान वारल्यावर काही वर्षांनी बंद पडला तो तिथंच. टायर मातीत बसलेले, सीटच्या फटीतून वेल वर आलेला, पण बॉनेटवरची अक्षरं शाबूत. महिपतच्या मनात तो बसला. दर वर्षी भातकापणी उरकली की तो जायचा, काकूंचा चहा प्यायचा, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारायचा आणि भाव सांगायचा.

"नाय रे बाबा. राहू दे त्याला तिथं," काकू म्हणायच्या.

पुढल्या वर्षी तो भाव वाढवून पुन्हा हजर.

गेल्या दिवाळीनंतर गेला, तर करंजाखाली नुसते टायरचे खड्डे.

"इनोद घेऊन गेला," काकू म्हणाल्या. "वाशिंदचा. तुझाच मेहुणा ना तो?"

विनोद म्हणजे महिपतच्या बायकोचा, निर्मलाचा, धाकटा भाऊ. वाशिंदला कारखान्यात वेल्डर. सुट्टीला महिपतच्याच शेडमध्ये येऊन बसायचा, दाजी दाजी करत पाने-पकडी पुढे करायचा. जे काय शिकला ते तिथंच. भाव काय दिला, महिपतनं विचारलं.

"तू सांगत होतास त्याच्याहून कमीच," काकू म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. महिपत चहाला थांबला नाही.

त्या दिवसापासून विनोदचं नाव घरात निघालं की तो ताटावरून उठायचा. पण विनोद मोबाइलवर टाकायचा ते व्हिडिओ मात्र एकही चुकवायचा नाही. इंजिन फुटावं असं त्याला वाटत नव्हतं. पिस्टन जाम राहावेत, एवढंच. जाम पिस्टन सुटावेत म्हणून विनोदनं सिलिंडरमध्ये डिझेल ओतून ठेवलेलं दिसलं तेव्हा तो हसला. ही युक्ती त्यानंच दाखवली होती. मग एका व्हिडिओत सायलेन्सरमधून काळा धूर उसळला आणि इंजिन धडधडायला लागलं. महिपतनं आवाज बंद केला. थोड्या वेळानं शेडच्या मागं जाऊन, मोबाइल कानाला लावून, तो पुन्हा ऐकला. आवाज चांगला होता. तेच त्याला सोसेना.

एका रविवारी विनोद आला. "दाजी, पुढची जाळी कुठं मिळंना. तुमच्याकडं हाय का एखादी?"

"नाय," महिपत म्हणाला.

जाळी होती. ऑइलच्या पिंपांमागं, गोणपाटात गुंडाळलेली. निर्मला दारात उभी होती. तिनं ऐकलं आणि ती आत गेली.

उन्हाळ्यात विनोदचं आमंत्रण आलं. ट्रॅक्टर तयार होता, नारळ काकूंच्या खळ्यातच फोडायचा होता. महिपत आधी नाही म्हणाला. मग रंग कुठं फुगलाय, ते तरी बघू, असं मनाशी म्हणून निघाला.

रंग कुठंच फुगला नव्हता. करंजाखाली ट्रॅक्टर लालभडक चमकत होता आणि तोंडावर जाळी होती. उजव्या कोपऱ्यातली वाकलेली पट्टी महिपतनं स्वतः ठोकून सरळ केलेली. आपली जाळी त्यानं लांबूनच ओळखली. वळून निर्मलाकडे पाहिलं, तर ती पदर नीट करत धरणाच्या अंगाच्या डोंगराकडे बघत होती. बोलणार काय? जाळी नाही म्हणून त्यानंच सांगितलं होतं.

नारळ फुटला. विनोद म्हणाला, "काकू, चला."

सत्तरीच्या गिरजाकाकूंनी लुगड्याचा ओचा खोचला, मडगार्डला धरून वर चढल्या आणि सीटवर बसल्या. पोरीबाळी हसल्या. काकूंनी क्लच दाबला, गिअर टाकला आणि एकही झटका न देता ट्रॅक्टर खळ्याबाहेर काढला. बांधाच्या कडेनं वळण घेऊन परत आणला. आता कोणी हसत नव्हतं.

"चिखलणीला मीच असायची," खाली उतरून त्या सांगत होत्या. "ह्यांची पाठ आखडायची. बाया बांधावर येऊन बघत राहायच्या."

"काकू, तुमी कधी बोलल्या नाय," महिपत म्हणाला.

"तू कधी इचारलंस?" त्या सहज म्हणाल्या. "इनोद आला तो पयलं हेच बोलला, की आधी हा चालवायचं कोण. मी म्हटलं, मी. तर जेवणवेळेपर्यंत इथंच बसून ऐकत राहिला."

परत येताना मोटरसायकलवर मागं निर्मला होती.

"जाळी तू दिलीस?"

"हो."

"मला न इचारता?"

"इचारलं असतं तर तुमी दिली असती?"



पुढं एक फार्महाउसवाला शेडवर आला आणि गाडीतूनच विचारलं, "व्हिडिओतल्या त्या म्हाताऱ्या बाईंचा ट्रॅक्टर करणारे कुठं राहतात?" महिपतनं रस्ता सांगितला. बरोबरच सांगितला, पण त्या दिवशी त्याच्या हातून दोन बोल्ट पिळून तुटले.

पावसाळ्यानंतर त्याला किन्हवलीकडे एक निळा फोर्ड सापडला. मालक यमाजी नावाचे म्हातारे. महिपत ट्रॅक्टरभोवती फिरला, भाव ओठावर आला आणि तो भलतंच विचारून बसला, "आधी हा चालवायचं कोण, बाबा?" आपल्याच तोंडून विनोद बोलतोय असं वाटून त्याचे कान तापले. पण यमाजी बोलायला लागले आणि थांबेचनात. महिपत अर्धवट ऐकत होता. पहिल्या नांगरटीला सासू कशी ट्रॅक्टरला ओवाळायला आली आणि हॉर्न वाजताच तबक टाकून कशी पळाली, ते आलं तेव्हा तो मोठ्यानं हसला. फोर्ड त्याला मिळाला.

तो तयार झाल्याचं निर्मलानंच भावाला कळवलं. विनोद आला, चारी बाजूंनी फिरला.

"दाजी, एक नंबर!" म्हणत त्यानं बॉनेटकडे हात नेला.

"हात नको लावू," महिपत मधे येऊन म्हणाला. "रंग ओला हाय."

रंग केव्हाच सुकला होता.