रिबकाबायची अर्धी टेप

समस्त सज्जनांस कळवण्यात येते की कुवेतमधल्या बनेद अल-गारच्या आमच्या गल्लीत एक इतिहास संशोधन मंडळ स्थापन झाले होते. सभासद रत्नागिरीकडची मुसलमान पोरं, मालमत्ता युनूसचा टेपरेकॉर्डर, आणि अध्यक्ष अस्मादिक, कारण चाळिशी उलटलेला मी एकटाच. या थोर मंडळाने एकाच बाईचा इतिहास टेप केला, तोही अर्धा. ती रिबकाबाय गेल्या महिन्यात अलिबागला लेकीकडे वारली. तिचा मुलगा सॅमसन माझ्या दुकानात येऊन सांगून गेला...

रिबकाबाय रेवदंड्याची यहुदी. लग्न होऊन रंगूनला गेली. महायुद्धात जपानी बाँब पडू लागले तेव्हा मुलं बोटीने आजीकडे धाडली आणि नवराबायको पायी हिंदुस्थानाकडे निघाली. जंगलातून बाहेर आली ती एकटी. कुवेतला मुलाकडे राहताना धर्माचं नाव ती बाहेर काढत नसे. आम्हाला मात्र सांगितलं, शेवटी एकाच किनाऱ्याची माणसं. युनूसचं मशीन पाहून म्हणाली, "माझ्या माणसाला कबर नाय रे. तो कुठं राहिला, तेवढं या पेटीत घाल."

शनिवारी यहुदी माणूस कामाला हात लावत नाही, हे आम्ही जाणून होतो. म्हणून तर आम्ही शुक्रवार धरला आणि आपल्या समजूतदारपणावर जाम खूश झालो. दिवस कलला की आमची वरात तिच्या दारात. बाय रंगूनचा बाजार सांगायची, बोटी, चिखल, वाट... आणि नवरा झाडाखाली बसला, इथवर यायची, तोच सूर्य टेकायचा आणि मगरिबच्या बांगेची वेळ व्हायची. बाय गप्प. पदर डोक्यावर घेऊन आत जायची. आमच्या नमाजाचा केवढा मान राखते, म्हणून मी गल्लीभर तिचे गोडवे गायलो, तेही हातवारे करून. नमाज आटोपून युनूस बटणाकडे हात नेई, तेव्हा ती हलव्याची ताटली पुढे सरकवायची. पुढच्या शुक्रवारी कुणीतरी नवा श्रोता यायचा, त्याच्यासाठी पुन्हा रंगूनपासून. झाडाच्या पुढे ती कथा कधी गेलीच नाही. मग बाय गावी गेली.

सॅमसन आला त्या दिवशी युनूससकट सारं मंडळ दुकानातच होतं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, झाडाच्या पुढचं सांगणं तिला सोसलं नसेल. तो बिचारा संकोचून हसला. म्हणाला, "नातवंडांना तर ती रोज सांगायची, भाई. आमचा शनिवार शुक्रवारच्या सूर्यास्ताला लागतो. त्याचा दिवा लावला की मग मशीनसमोर कशी बोलणार?"

माझं नाटक तिथंच संपलं. दिवसातून पाच वेळा सूर्याच्या वेळा बघून नमाजाला उभी राहणारी माणसं आम्ही, आणि तिचा सूर्य आम्हाला दिसला नाही. मी विचारलं, मग तिनं सांगितलं का नाही? सॅमसन म्हणाला, पोरांना शुक्रवारची एकच सुट्टी, त्यांना लवकर या असं कसं सांगायचं, असं तिचं म्हणणं. तरी दर शुक्रवारी सकाळीच ती न्हाऊन, मशीनसाठी स्टूल पुसून दाराकडे बघत बसायची, कदाचित आज लवकर येतील म्हणून.

युनूसच्या तोंडून निघून गेलं, "आपण तेव्हा झोपलेलो असायचो."