अण्णांचा जर्मन पिक्चर

रंगनाथअण्णा घरातलं कपाट दाखवतानासुद्धा आधी म्हणत, "पायरी बघून या." पायरी नसे. सगळा जन्म अजिंठ्याला गाईड म्हणून गेला, त्यामुळे ही सवय जडलेली. गुडघे बोलायला लागले तसं फर्दापूर सोडून ते औरंगाबादला, सिडकोतल्या आमच्या नव्या वसाहतीत राहायला आले. माझ्या भिंतीला त्यांची भिंत. पहिल्याच दिवशी चहाला बोलावलं, भरदुपारी टॉर्च काढला आणि माळ्यावरच्या पिंपावर झोत टाकला.

"हे बघा साहेब, रिकामं. हेच्या मागं अजून एक हाय. ते बी रिकामं. आता पुढच्या खोलीत चला."

ती दुष्काळाची वर्षं होती. शहर मात्र चारी बाजूंनी वाढत होतं. आमच्या मागच्या माळरानावर स्लॅबवर स्लॅब पडत होते आणि पुढच्या नळाला फक्त सूं सूं आवाज येत होता. टँकर मनाला येईल तेव्हा यायचा. रांगेत जाधव मास्तर आणि कौसाबाई यांची रोज जुंपायची. मास्तर शाळेतल्यासारखे रांग लावायला जात आणि कौसाबाई आधी मास्तरांनाच रांगेबाहेर काढत. एकदा तर बाईंनी त्यांची बादली उचलून पाण्याच्या रिकाम्या टाकीत टाकली होती.

अशात अण्णांना जर्मनीहून एक पार्सल आलं. कधीकाळी एका जर्मन पाहुण्याला लेण्यात चक्कर आली होती आणि अण्णांनी त्याला पाठीवर घेऊन खाली आणलं होतं. त्यानं आठवणीनं एका सिनेमाची कॅसेट पाठवली. अण्णांच्या मुलानं आखातातून आणलेला व्हीसीआर घरात होताच. वेष्टनावर अंतराळयान दिसल्यामुळे 'मारामारीचा पिक्चर' अशी बातमी पसरली आणि रविवारी चार वाजता अख्खी वसाहत सतरंजीवर येऊन बसली.

मारामारी नव्हती. कुठल्याशा ग्रहावरच्या एका लांबलचक इमारतीत एकटा माणूस राहतो. तो चालतो, थांबतो, भिंतीशी बोलतो. भिंतीतून बाईचा आवाज उत्तर देतो. मग तो खुर्चीकडे बघत बसतो. खुर्चीकडे तो इतका वेळ बघतो, की आमच्यातले दोघे-तिघे चपला शोधायला लागले.

तेवढ्यात अण्णा उठले. टीव्हीच्या काचेवर टॉर्चचा झोत टाकला आणि म्हणाले, "आता डाव्या हाताला बघा. ही खुर्ची तेच्या बायकोची."

चपला शोधणारे खाली बसले.

अण्णांना जर्मन येतं हे सगळ्यांना माहीत होतं. ते 'चपला इथं काढा', 'फ्लॅश मारू नका' आणि 'हा हत्ती' एवढंच येतं, हे कुणाला माहीत नव्हतं. त्यांच्या सांगण्याप्रमाणे तो माणूस सरकारी इंजिनियर होता आणि त्याला त्या ग्रहावर पाणी शोधायला पाठवलं होतं. बायको रुसून भिंतीपलीकडं बसली होती. "ती म्हनायली, पाणी सापडल्याबिगर तोंड दावू नका. आन् तो म्हनायलाय, अगं, पण वरून मंजुरीच आली नाय!"

वसाहतीत दोन तट पडले. कौसाबाई बायकोच्या बाजूनं, मास्तर इंजिनियरच्या. दर रविवारी पिक्चर लागायचा आणि आठवडाभर टँकरच्या रांगेत त्याचीच चर्चा चालायची. त्या नादात बादल्या आपोआप एकामागोमाग भरायच्या. मी दोघांना एकच हंडा दोन बाजूंनी धरून नेताना पाहिलं. तोंडानं वाद चालूच होता.

मग आमच्या शेजारच्या कुलकर्ण्यांची नवी सून आली, मृणाल. पुण्यात जर्मन शिकलेली. रविवारी तिला मानानं पुढं बसवलं. अण्णा रंगात आले होते. तिच्या गोंधळलेल्या चेहऱ्याकडे बघून कौसाबाईंनी विचारलं, "काय गं सूनबाई, काय म्हनतोय त्यो?"

मृणाल चाचरत म्हणाली, "तो विचारतोय, की माझी आठवण काढणारं कुणी उरलं नाही, तर मी आहे असं म्हणता येईल का?"

"आन् पाण्याचं?"

"पाण्याचं काहीच नाही."

"मग राहू दे," कौसाबाई म्हणाल्या. "अण्णा, तुमीच सांगा."

पण अण्णांनी टॉर्च विझवला होता. दुसऱ्या दिवशी ते स्वतः कुलकर्ण्यांकडे गेले आणि मृणालकडून सगळा सिनेमा वाक्यावाक्यानं समजून घेतला. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला. मला म्हणाले, "साहेब, मला वाटलं तोंडावरून कळायलंय. लेण्यातली चित्रं कुटं बोलत्यात? पण हा तर बोलत हुता, आन् म्या तेच्यावर बोलत हुतो. आता खोटं नाय सांगवत."

पुढच्या रविवारी त्यांनी खरं सांगितलं. अस्तित्व, स्मृती, शून्य. अर्ध्या तासात सतरंजी रिकामी झाली. त्याच आठवड्यात टँकरपाशी पुन्हा बादल्या उडाल्या आणि मास्तरांच्या कपाळाला टेंगूळ आलं.

शेवटी शिष्टमंडळ गेलं. पुढं कौसाबाई, मागं टेंगूळवाले मास्तर. मास्तर म्हणाले, "अण्णा, वसाहतीच्या हितासाठी कृपया खोटं सांगा."

"नाय जमायचं," अण्णा म्हणाले. मग उठून टीव्हीपाशी गेले, कॅसेट लावली आणि आवाजाचं बटण पार खाली फिरवलं. तो माणूस नुसतेच ओठ हलवायला लागला.

"आता व्हय," अण्णा म्हणाले. "आता तेचं बोलणं तेच्यापाशी, माझं माझ्यापाशी. बसा."

त्यानंतर मृणालसुद्धा दर रविवारी यायची. इंजिनियरला मंजुरी मिळावी म्हणून तिनं एकदा चक्क हात जोडले.

अण्णा गेले त्याच्या आधीचा रविवार मला लख्ख आठवतो. त्यांना धाप लागत होती, म्हणून खुर्चीवर बसूनच सांगत होते. कॅसेट घासून घासून संपली होती. सुरुवातीची इमारत जेमतेम दिसली, मग चित्र थरथरलं आणि काचेवर नुसत्या मुंग्या आल्या. मी व्हीसीआर बंद करायला उठलो.

"असू द्या साहेब," अण्णा म्हणाले. त्यांनी टॉर्च त्या मुंग्यांवर धरला. "आता उजव्या हाताला बघा. इंजिनियर जिना उतरायलाय. खाली लई अंधार हाय. पण बायकोनं भिंतीपलीकडून हाक मारली…"

खोलीत कुणी हललं नाही. मुंग्या वळवळत होत्या, अण्णा दम घेत घेत एकेक पायरी उतरत होते. आणि मागून कौसाबाईंचा दबका आवाज आला,

"मास्तर, जरा बाजूला सरका. दिसंना झालंय."