मागं सरका

"मागं सरका, मागं! मॅडम, तुमी बी!"

चढ जवळ आला की मामा मान न वळवता हे ओरडत. मामा म्हणजे पाटोद्याहून आमच्या डोंगरातल्या वस्तीवर जीप चालवणारे. सगळी वस्तीच त्यांना मामा म्हणायची. मी तिथल्या शाळेत शिकवते. आता 'मॅडम, तुमी बी' हा मान रोज मलाच का, हे तुम्ही मला एकदा पाहिलंत तर विचारणार नाही.

एकदा मी चिडून विचारलंच, "रोज मलाच कावून?"

"जीपची ताकद मागच्या चाकांत हाय. मागं वजन पडलं की चाक माती धरतंय. तुमी मागं बसला की जीप हसत वर जाती बगा."

जीपच्या आधी माणसंच हसली. आठवडाभर मी त्यांच्याशी अबोला धरला. पण म्हणणं खोटं नव्हतं. पाऊस पडला की त्या चढावर पाय ठरत नसे, आणि मामांची जीप तेवढी वर यायची.

मामा तसे फटकळ. फक्त गयाबाईशी बोलताना मऊ व्हायचे. गयाबाई म्हणजे वस्तीवरची, गुडघे धरलेली म्हातारी. लेक-सून ऊसतोडीला गेले की ती एकटी मागे राही. जाताना सून मामांना म्हणाली होती, "आत्याबाईंला दवाखान्यात न्या, अन् दारातच आणून सोडा." मामा म्हणाले होते, "दारातच सोडतो. शब्द हाय माजा."

मग जीप म्हातारी झाली. धक्क्यांनी हाडं खिळखिळी होतात म्हणून आम्ही मास्तरलोकांनीही कमी कटकट केली नव्हती. मामांनी जीप विकली आणि लांबलचक, गार हवेची नवी गाडी आणली.

"ही पुढच्या चाकांची हाय," मामा बॉनेटवर हात फिरवत म्हणाले. "जीप मागून ढकलायची, ही पुढून वढती. पोटातलं पाणी हलत न्हाई." कोरड्या दिवसांत खरंच हललं नाही.

ऐन ऊसतोडीच्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला. गयाबाई दवाखान्यात एक मुक्काम करून सकाळी आमच्याबरोबर परतत होती. चढ आला आणि मामांच्या तोंडून सवयीनं निघालं, "मागं सरका, मागं!" आम्हीही शहाण्यासारखे मागे दाटीनं बसलो. पुढची चाकं जागच्या जागी गरगरली, चिखल उडाला, गाडी घसरून खाली आली. "अजून मागं!" मामा ओरडले. आम्ही जितके मागे, तितकं गाडीचं नाक हलकं. शेवटी मामा वैतागले. "उतरा सगळे. चालत जावा."

शाळा भरायची वेळ झाली होती. चपला हातात घेऊन आम्ही झपाझप पुढे निघालो. मागून आवाज आला तेव्हा गयाबाई चिखलात आडवी होती आणि हात अंगाखाली.

मनगट मोडलं. पुढे जुळलं, पण वाकडं जुळलं.

मामांनी ते मनावर घेतलं. "बैलगाडी हाकत मोठा झालो मी," ते मला म्हणाले. "मागं वझं जास्त झालं की गाडी उलाळ हुती, जू वर उचलतंय, बैलाला जोर लावता येत न्हाई. शेंबड्या पोराला कळतंय हे. अन् मी पुढून वढणाऱ्या गाडीत समद्यांला मागं कोंबलं!"

"तिला हात तर आम्हीही दिला नाही, मामा."

"तुमी कावून देणार? शब्द मी दिलता."

मग त्यांनी तोड काढली. चढाच्या पायथ्याला गाडी वळवायची आणि रिव्हर्समध्ये वर न्यायची. म्हणजे ताकदीची चाकं उताराच्या बाजूला, आणि सगळं वजन त्यांच्यावर. एक हात सीटवर टाकून, मान पार मागे वळवून, मागच्या काचेतून बघत मामा चढ चढत. आम्ही खालचा रस्ता बघत उलटे वर जात असू. मला बढती मिळाली होती: "मॅडम, तुमी आता पुढं!" पण आता ते ओरडत नसत, सांगत.

गयाबाई दारातून हाक मारी, "आरं, मान मोडंल की तुजी!"

"मोडू दे," मामा म्हणत.

पुढे चढावर सिमेंटचा रस्ता झाला. कुठलीही गाडी सुसाट सरळ वर यायला लागली. मामा मात्र पायथ्याला थांबून गाडी वळवत राहिले. लोक हसत. मी म्हटलं, "मामा, आता कावून?"

"म्हातारीचा हात सरळ झाला का?"

गयाबाईनंही सांगून पाहिलं. "आरं बाबा, ह्याच हातानं भाकरी थापते मी. सोड की आता." मामांनी तिच्या हातची भाकरी खाल्ली, मिरची मागून घेतली, पण गाडी कधी सरळ आणली नाही.

मागच्या हिवाळ्यात मामा गेले. त्यांच्या मुलानं गाडी विकून टाकली. मी स्वतःची गाडी घेतली. तीही पुढच्या चाकांची. सिमेंटवरून सरळ वर येते, मला कसला विचार करावा लागत नाही. मामांची आठवण पायथ्याला हटकून येते आणि मी तिथे थांबत नाही.

परवा गयाबाईच्या दाराशी गाडी उभी केली. वाकड्या मनगटाचा आडोसा डोळ्यांवर धरून ती बघत होती.

"कोण हाय?"

"मी, आजी. शाळेतली मॅडम."

"हां. लई गाड्या येतेत आता." मग म्हणाली, "मागं वळून बघत येणारा त्यो एकलाच व्हता."

त्या सकाळी चिखलात आम्ही कोणीच वळून पाहिलं नव्हतं. तिनं ते तेव्हाही बोलून दाखवलं नाही आणि आताही नाही. मलाच मान वर करवेना. "चहा घे, चल आत," म्हणत ती भिंतीला धरून उठायला लागली. मी पटकन हात पुढे केला. तिनं आपला वाकडा हात माझ्या हातात दिला.