मुळं वर

आमच्या गावच्या तलावातली जलकुंभी काढायला आम्ही काही जण रोज सकाळी पाण्यात उतरतो. मासोळ्या धरणारा एक म्हातारा आमचा म्होरक्या आहे. उपटलेलं झाड काठावर कसंही फेकलेलं त्याला खपत नाही. "मुळं वर करून ठेवा जी! नाही त थे पुन्हा जीव धरते." परतताना तो प्रत्येकाच्या चपलांचे तळ पाहतो आणि चिकटलेलं पान काढून घेतो.

एकदा तो माझ्या घरी चहाला आला. अंगणातल्या टाक्यात मी जलकुंभी ठेवली होती, जांभळ्या फुलांच्या मोहानं.

"गुरुजी, चपला त रोज पायतो मी. मंग हे आली कुठून?"

"पिशवीतून," मी म्हणालो.

तो हसला नाही. चहा तसाच ठेवून त्यानं ती उपसली आणि माझ्याच कुंपणावर मुळं वर करून वाळत घातली. मला रागही आला, लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी तो चिखलानं माखलेला कमळाचा कंद घेऊन दारात उभा. "आपण साफ केला ना, त्या कोपऱ्यात कमळ वापस येऊन राहिलं. एक तुमच्यासाठी आणलं."

मी कंद टाक्यात लावला आणि वळून पाहिलं. खुंटीवरची माझी पिशवी उलटी करून तो झटकत होता.